कंडक्टरनानांची डबल घंटी

मुलांनो, आमचे कंडक्टरनाना एसटीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी माणसं मोजल्याशिवाय कुठलंच दार लावू देत नसत. लग्नात पंगत बसली की बोट नाचवत टोकापर्यंत मोजून यायचे. मोजणी जुळली की समाधानाने म्हणायचे, “डबल मारा!”

पाचोऱ्याजवळच्या आपल्या गावात उन्हाळा संपताना वादळ येतं, केळी आडव्या होतात, घरांवरचे पत्रे उडतात. म्हणून ग्रामपंचायतीने शाळेची स्लॅबची खोली निवारा ठरवली. सभेत टाळ्या पडल्या. नाना तेवढे उठले. “खोली शे, पन म्हातारा मानसे चार पायऱ्या कसा चढतीन?”

मग सिमेंटचा उतार झाला. नानांनी चाकांच्या खुर्चीत सरपंचांनाच बसवलं. सायकल दुरुस्त करणारे शेजारचे रफिकभाई ढकलत होते. अर्ध्यावर त्यांनी दम खाल्ला, आणि सरपंच खुर्चीसकट मागे आले! “हाऊ उतार शे का घसरगुंडी?” नानांनी विचारलं. उतार दुप्पट लांब झाला.

निवाऱ्यात आणायच्या म्हाताऱ्या, अधू माणसांची यादी माझ्याकडे होती. याच शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे रकाने आखायची हौस: नाव, औषध, कोण आणणार. गावाच्या टोकाला पत्र्याच्या घरात राहणाऱ्या, डोळ्यांनी अधू सखूआक्काने अट घातली, “मन्ही बकरी बी यी.” मी म्हटलं, यादी माणसांची आहे. नाना म्हणाले, “बाई, एस्टीमा कोंबड्या बी येतस. लिखा. बकरी सोडीसन आक्का येवाव नई, मंग खोली काय कामनी?”

मी लिहिलं: अठरा माणसं, एक बकरी. सगळे आले की नाना शाळेची घंटा दोनदा वाजवणार, मग दार लागणार.

वादळ भरदुपारी आलं. नाना घरोघरी हाका मारत फिरले. शेवटी रफिकभाईंनी चाकांच्या खुर्चीतून आक्काला आणलं, बकरी मांडीवर. अठरा पूर्ण. मी दार लावायला सांगितलं.

“बाई,” आक्का म्हणाली, “डबल घंटी नई वाजनी. नाना कोठे शेतस?”

मी यादी पाहिली. ऐंशीला टेकलेल्या नानांचं नावच नव्हतं. कंडक्टर स्वतःला प्रवाशांत मोजत नाही. पण मी काय करत होते?

तीच खुर्ची घेऊन रफिकभाई पुन्हा पावसात धावले. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला धरून नाना बसले होते. गुडघ्यांनी दगा दिला होता. निथळत आत येताच विचारलं, “किती?”

“एकोणीस, तुम्हाला धरून,” मी म्हटलं.

“मंग डबल मारा!”

या हिवाळ्यात नाना गेले. आपल्याच अंथरुणात, झोपेत. तुम्ही दर फोनवर विचारता ना, आजी, वादळात तुझ्याकडे कोण बघतं? नव्या यादीत एकोणिसाव्या ओळीवर मी माझं नाव लिहिलं आहे. कोण आणणार: रफिकभाई.

आक्काने तर बजावूनच ठेवलंय, “बाई, तुम्ही येत नई तोवर मी घंटी वाजाडू देवाव नई.”