सुनंदाचं टायपिंग

संगणकाच्या प्राथमिक वर्गात नाव घालायला गेलो होतो. टेबलापलीकडची मुलगी माझ्याकडे बघत प्रश्न विचारत होती आणि तिची बोटं कीबोर्डवर न बघता चालत होती. मी त्या बोटांकडेच पाहत राहिलो.

"काका, घरी कुणाला टायपिंग येतं का? सराव करून घेतील."

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. माझी बायको सुनंदा लग्नाआधीच मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली होती. पुढे तिला नोकरीचं पत्र आलं, तेव्हा मीच म्हणालो होतो, "मग घरचं कोण बघणार?" ती कणीक मळायला गेली. बाईचे हात रिकामे राहत नाहीत. आपण त्यांतलं एक काम काढून घेतो, दुसरं देतो आणि त्याला संसार म्हणतो.

मुलीने फॉर्म सहीसाठी पुढे केला.

"थांबा," मी म्हणालो. "येतं. माझ्या बायकोला येतं."

"मग सोपंच झालं की, काका. आजच बसवा त्यांना शेजारी."

मी सही केली, पण खुर्चीवरून उठवेना. शिकव म्हणण्याआधी मला सुनंदाजवळ त्या पत्राचा विषय काढावा लागणार होता.