पहिलं कुंकू सीनियरबाईंचं

सीनियरबाईंना इंग्रजी शब्द एकच येत होता, आणि एकाच डावाने घरातली सगळी पातेली ढवळावीत तसा तो त्या वापरीत. गेल्या वर्षीचं लोणचं म्हणजे ‘सीनियर बरणी’. वेलावर आधी धरलेला भोपळा सीनियर. थोरल्या जावेचं पत्र आलं की ‘आमच्या सीनियरचं पत्र आलं गो!’ मी मॅट्रिक झालेली. ऐकून ऐकून माझे कान किटत.

हा शब्द त्यांच्याकडे आला यजमानांमुळे. अंबरनाथच्या कारखान्यात ते सीनियर क्लार्क, आणि आमचे हे त्यांच्या हाताखाली ज्युनियर. गोरे साहेब नुकतेच देश सोडून गेले होते, पण त्यांनी घातलेल्या पायऱ्या आमच्या क्वार्टर्समध्ये जशाच्या तशा होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे कुंकू लागे. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिलं बोट सीनियरबाईंच्या कपाळाला, आणि माझी पाळी येईपर्यंत करंड्यातल्या कुंकवात हळद मिसळलेली असे. आडपडदा कशाला ठेवू? त्या पहिल्या कुंकवाचा मला हेवा वाटायचा. आरशासमोर उभी राहून ‘सीनियरबाई’ अशी मी स्वतःलाच हाक मारून पाहिली होती.

एकदा न राहवून मी त्यांना म्हटलं, “अहो, सीनियर म्हणजे वयाने किंवा हुद्द्याने वरचा माणूस. बरणीला कुणी सीनियर म्हणत नाही.”

त्यांनी बरणीचा दादरा सोडला, करकरीत कैरीची फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “खाऊन बघ, आणि मग सांग हिला हुद्दा द्यायचा की नाही.” ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. लोणचं उत्तम होतं, त्यामुळे माझा राग दुप्पट झाला.

त्या वर्षांत उल्हासनगरच्या कॅम्पातून सिंधी बायका पापड विकायला आमच्याकडे येत. त्यांतली एक उन्हाची चालत आली, आणि नळावर आमचे हंडे ओळीने लागलेले पाहून लांबच उभी राहिली. नळाचा मानही अर्थातच सीनियरबाईंचा. त्यांनी आपला हंडा पायाने बाजूला सारला आणि तिला पुढे बोलावलं. “आव, बाय, पैले तू पी.”

शेजारच्या पालकरबाई कुरकुरल्या, “पण सीनियरबाई, नंबर तुमचा होता.”

“माझा कसला? घरदार टाकून आलीय ती. आपल्याहून जास्ती सोसलंय तिने. इथे सीनियर तीच.”

मी शब्दाचा अर्थ शाळेत पाठ केला होता, पण हा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. ती बाई पुढे दर वेळी पहिला पापड सीनियरबाईंच्या हातावर ठेवी. मी तिच्याकडून दुप्पट पापड घेऊन पाहिले, तरी माझ्या हातावर काही पडलं नाही.

मग आमचे दिवस पालटले. यांनी खात्याची परीक्षा दिली आणि हेडक्लार्क झाले, सीनियरबाईंच्या यजमानांच्याही वरचे. त्या संक्रांतीला मी चंद्रकळा नेसून पालकरबाईंकडे गेले. पालकरबाई करंडा घेऊन दारातच घुटमळल्या. एकदा माझ्याकडे बघत, एकदा सीनियरबाईंकडे.

“अगो, बघतेस काय? वहिनींना आधी लाव,” सीनियरबाई म्हणाल्या. आवाजात बारीकसुद्धा काटा नव्हता. मी शोधला होता, म्हणून सांगते. मग त्या उठल्या आणि पार मोरीजवळ जाऊन टेकल्या.

पहिलं कुंकू मला लागलं. पण जिला कुंकू लागेल ती बाई उठून मोरीजवळ जाऊन बसू लागली. तिथे सीनियरबाईंनी कसलीशी गंमत सांगायला घेतली होती आणि हशा पिकत होता. थोड्या वेळाने सतरंजीच्या मानाच्या टोकाला मी आणि तिळगुळाचं ताट एवढेच उरलो.

सीनियरबाईंच्या यजमानांची नोकरी संपली तेव्हा त्यांनी बदलापुरात दोन खोल्या बांधल्या. बदलापूर म्हणजे एकच स्टेशन पुढे, पण बायका अशा रडल्या की जणू सीनियरबाई काशीला निघाल्या होत्या. सामानाची बैलगाडी भरून झाल्यावर सीनियरबाईंनी माझी ओटी भरली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आता सीनियर तुम्ही, वहिनी. सांभाळा हो सगळ्यांना.” इतकी वर्षं जे हवं होतं ते त्यांनी शेजारणीला विरजण द्यावं तितक्या सहज देऊन टाकलं.

पुढच्याच आठवड्यात पापडवाली नळावर आली. “सीनियर बाई किधर?”

“मैं हूँ,” मी म्हटलं.

तिने मला नीट पाहून घेतलं आणि पालकरबाईंना विचारलं, “बदलापूर को कौनसा रस्ता जाता है?”

संक्रांत आली. बायकांनी माझ्याकडचं हळदीकुंकू घाईघाईने उरकलं आणि सगळ्या मिळून बदलापूरला निघाल्या. मला चलता का असं कुणी विचारलं नाही. मी आपली आपणच पायात चपला अडकवल्या.

सीनियरबाई नव्या घराच्या ओसरीवर उभ्या होत्या. इतक्या बायकांत त्यांनी मला शेवटच्या रांगेतून हाताला धरून पुढे ओढलं. “थांबा गो सगळ्या! आधी आमच्या सीनियरना,” म्हणत त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं. त्या नावाने मला कुणीतरी हाक मारली ती तेवढीच एकदा. आणि ती ऐकतानासुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला.