वर बघायचं नाही

माझ्या टायपिंगच्या क्लासात संगणकांच्या पडद्यांवर फडकी टाकलेली असायची. निळ्या चौकड्यांची, हात पुसायची साधी फडकी, पेणच्या बाजारातून एकदम डझनभर आणलेली. नवीन मुलं हसायची. "सर, कॉम्प्युटरला थंडी वाजते का?" असं एकानं विचारलं, तर त्याला मी तासभर एकच ओळ टाइप करायला लावली. माझा नियम साधा होता. नजर उताऱ्याच्या कागदावर, बोटं कीबोर्डवर, आणि वर बघायचं नाही. फडकं उचलून बघणाऱ्याच्या डोक्यावर मी वहीची गुंडाळी मारत असे. मोठ्या माणसांना मारत नसे, नुसता खाकरत असे. त्यांना ते जास्त लागायचं.

पेणच्या रामवाडीतला हा क्लास मी सुरू केला तेव्हा संगणक नव्हतेच. सगळी लोखंडी टाइपरायटर यंत्रं होती. एक की दाबली की आतून एक दांडी उठायची, तिच्या टोकाचं अक्षर रिबनवर आपटायचं आणि कागदावर उमटायचं. दोन शेजारच्या दांड्या घाईत उठल्या की एकमेकींत अडकायच्या. मग बोट घालून त्या सोडवायच्या आणि काळं बोट पँटला पुसायचं. पहिल्या दिवशी मी मुलांना हीच गोष्ट सांगायचो. सुरुवातीला इंग्रजी अक्षरं म्हणे ओळीनं लावलेली होती. पण नेहमी बरोबर येणाऱ्या अक्षरांच्या दांड्या सारख्या भिडायला लागल्या, म्हणून ती मुद्दाम लांब लांब टाकली. दांड्या गेल्या, यंत्रं गेली, पण तुमच्या मोबाइलवर अक्षरं अजून तशीच विखुरलेली आहेत, असं म्हटलं की मुलं आपापला मोबाइल काढून बघायची. कुणी म्हणतात हे खरं नाही, तारायंत्रवाल्यांच्या सोयीनं ती तशी लावली. असेलही. मी काही तिथे हजर नव्हतो.

मराठीची कथा आणखी अवघड. आपली सगळी अक्षरं, अर्धी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या हे गणगोत इंग्रजीएवढ्याच कीजवर बसवायचं होतं. म्हणून अर्धा ग उमटवायचा आणि पुढे काना ठोकून तो पुरा करायचा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागद डावीकडे सरकत जातो, मागे येत नाही. संगणकावर नवी मांडणी आली ती उलटी. तिच्यात आधी अक्षर, मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. शिवाय सगळ्या अक्षरांच्या जागाही वेगळ्या. एका मांडणीत शिकलेली बोटं दुसरीवर चालवली तर पडद्यावर नुसता कचरा येतो. परीक्षेत दोन्ही मांडण्या चालतात, सुरू करण्याआधी यादीतून आपली निवडायची असते. मी शेवटपर्यंत जुनीच शिकवली. मला दुसरी येतच नव्हती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो, त्या क्लासात आल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. तो रोह्याच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होता. त्याच्या जागी त्यांना अनुकंपा तत्त्वावर घेतलं होतं, पण अट होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी संपली. माहेर खाडीकडच्या मिठागरवाल्यांचं. लहानपणापासून मीठ ओढून बोटांची टोकं घट्ट झालेली. जुन्या लोखंडी यंत्रावर त्या झकास चालल्या असत्या. संगणकावर त्या एवढ्या जोरानं दाबायच्या, की एका क चे तीन क व्हायचे.

"सर, माझ्या बोटांना नाय जमत हे," त्या म्हणायच्या.

"जमतं. तुम्ही वर बघता म्हणून जमत नाही."

खरंच बघायच्या. फडकं टाकलेलं असायचं तरी मान वर जायचीच. माझं खाकरणं ऐकलं की मान खाली. दिवसभर रोह्यात नोकरी, संध्याकाळच्या गाडीनं पेण, माझ्याकडे एक तास, मग घरी दोन पोरं. दोन वेळा नापास झाल्या. तिसऱ्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेलं कचेरीचं पत्र त्यांनी मला दाखवलं. ही शेवटची संधी, यात उत्तीर्ण न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. मी ते दोनदा वाचलं. एवढी वर्षं मुलं नापास झाली, पुन्हा बसली, कधी काही वाटलं नव्हतं. या वेळी मात्र मला झोपेत दांड्या अडकलेल्या दिसायच्या.

परीक्षेचं केंद्र रोह्याच्या एका कॉलेजात होतं. मी सहसा कुणाबरोबर जात नाही, त्या दिवशी गेलो. माझ्या क्लासातल्या दोघीच तिथे होत्या. पहिल्या बॅचला कोलाडकडची एक मुलगी, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि दुसऱ्या बॅचला ताई. ताई कुंडलिका नदीच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या आणि बोटं एकमेकांत घालून चोळत राहिल्या. मी म्हटलं, "फक्त एक लक्षात ठेवा."

"व्हय सर. वर बघायचं नाय."

दुसरी बॅच आत गेली आणि शिपायानं दार लावलं. त्यानंतर ती मुलगी ऑफिसच्या दारानं बाहेर आली. एवढा वेळ ती तिथे पर्यवेक्षकांशी वाद घालत होती, पण कुणी ऐकलं नव्हतं. डोळे लाल झालेले.

"सर, सगळा कचरा आला," ती म्हणाली. "मी यादीतून जुनी मांडणी निवडली होती. सरावाचा उतारा संपल्यावर बघितला, नीट आला होता. मग खरा उतारा सुरू झाला आणि मशीन आपोआप नव्या मांडणीवर गेलं. वेळ संपल्यावर बघितलं तर एक शब्द धड नाय."

"मध्ये कळलं नाही?"

"कसं कळणार? मी वर बघितलंच नाय. एकदापण नाय."

ती हे अभिमानानं म्हणाली नाही, पण माझ्याकडे अशी बघत होती, की मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. तिचं वर्ष जाणार नव्हतं, सहा महिन्यांनी ती पुन्हा बसू शकत होती. तेवढ्यात माझ्या डोक्यात आत बसलेल्या ताई आल्या. आत सरावाचा उतारा सुरू होता. तो पाच मिनिटांचा. म्हणजे माझ्याकडे पाच मिनिटं होती, त्यातलं एक या बोलण्यात गेलं होतं.

मी शिपायाकडे धावलो. "आत निरोप द्या. मशीन बदलतंय म्हणावं. सगळ्यांना वर बघायला सांगा."

"सर, आता आत नाय सोडत कोणाला," तो म्हणाला. "मी पण नाय जाऊ शकत. मोठे साहेब आत हायत, बाहेर आले की सांगतो."

"कधी येतील?"

"पेपर संपला की."

त्याच्यावर ओरडायचं माझ्या तोंडावर आलं होतं. एरवी मी ओरडलो असतो, माझा तो स्वभावच आहे. त्या दिवशी मात्र मी नुसता मागे वळलो. मी इमारतीच्या मागच्या बाजूला गेलो. खालच्याच मजल्यावर संगणकांची खोली, जाळीच्या खिडक्या, त्यातली एक अर्धी उघडी. जास्वंदीच्या झुडपात पाय घालून मी आत डोकावलो. तिसऱ्या रांगेत ताईंची पाठ दिसली. मान खाली, अगदी मी शिकवली तशी. बोटं आपटत होती, तो आवाज मला बाहेर ऐकू येत होता. सगळ्या खोलीत एवढ्या जोरानं टाइप करणारं दुसरं कुणी नव्हतं.

वीस पावलं असतील. तोंड उघडून दोन शब्द म्हणायचे होते, "वर बघा." जन्मभर ज्याच्या उलट सांगितलं तेवढेच दोन शब्द.

तिथे उभं असताना मला कळलं, की वर बघायचं नाही हा नियमसुद्धा त्या दांड्यांच्या काळातलाच आहे. यंत्रावर वर बघून फायदाच नव्हता. चूक झाली तरी ती कागदावर बसलेली असायची, पुसता यायची नाही, उलट वाचता वाचता ओळ चुकायची. म्हणून मला टायपिंग शिकवणाऱ्या गुरुजींनी यंत्रातला कागद दिसू नये असा लाकडी खोका आमच्यापुढे ठेवला, आणि मी पडद्यावर फडकं टाकलं. पण पडदा बघण्यासाठीच तर असतो. हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. मला चाळीस वर्षं शिकवून कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा मी झुडपात उभा होतो.

मी ओरडलो नाही. नंतर मी स्वतःला सांगितलं, की ओरडलो असतो तर कॉपी म्हणून त्यांचाच पेपर रद्द झाला असता. तसं झालंही असतं. पण खिडकीशी उभा असताना मनात आधी आलं ते हे नव्हतं. आधी आठवलं ते भिंतीवर काचेत लावलेलं माझ्या क्लासचं मान्यतापत्र. मग आठवलं, की हे केंद्रवाले मला ओळखतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या खोलीत आणखी वीस जण होते आणि त्यांच्यासमोर मला "वर बघा" म्हणायची लाज वाटत होती. आत घंटा वाजली, सरावाचा उतारा संपला. मी खिडकीपासून मागे झालो. पुढचं मला बघायचं नव्हतं.

फाटकाजवळच्या पायरीवर ती मुलगी बसली होती. तिनं विचारलं, "सर, ताईंना कळवलंत का?"

"शिपायाला सांगितलंय," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि रुमालानं तोंड पुसलं. मी तिच्या शेजारी बसलो. पलीकडच्या रासायनिक कंपन्यांकडून तो नेहमीचा आंबूस वास येत होता. मी घड्याळाकडे बघत होतो आणि ताईंची बोटं एकेक अक्षर आपटताना मला दिसत होती, सगळी चुकीच्या जागी. ती दोन पोरं आता कुठे असतील, शाळेत असतील, असं काहीतरी सुचत होतं. ताई बाहेर आल्यावर त्यांना काय सांगायचं याची मी वाक्यं जुळवली. मशीनचा दोष आहे, आपण अर्ज करू. त्यातल्या कुठल्याच वाक्यात मी नव्हतो.

दार उघडलं तसा मी पायरीवरून उठून पुढे गेलो. माणसं बाहेर पडायला लागली. दोघं-तिघं रागानं बडबडत होते. एक बाई रडत होती. ताई सगळ्यात शेवटी आल्या. चेहरा पांढराफटक. माझ्या जवळ येऊन त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"सर, रागावू नका," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. मी वर बघितलं."

"वर बघितलं?" मी विचारलं.

"पहिला शब्द मारला आणि मान वर गेली. मशीनवर भलतंच काय काय आलेलं. मग माउसनं यादी उघडून बदललं परत. त्यात अर्धा मिनिट गेला. पण उतारा पुरा केला, शेवटच्या ओळीपर्यंत केला." त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली. "खोटं कशाला बोलू, क्लासात पण मी फडक्याच्या कडेनं बघायचे. तुम्ही खाकरलात की मान खाली घालायचे, तुमची पाठ वळली की परत बघायचे. सर, बघितल्याशिवाय मला भीती वाटते."

पुढे निकाल लागला, त्या पास झाल्या, कायम झाल्या. आजही त्या रोह्याच्या कचेरीत आहेत. क्लासातली फडकी मी दुसऱ्याच दिवशी काढली आणि विचारणाऱ्यांना धुवायला टाकली आहेत म्हणून सांगितलं. पण त्या क्षणी फाटकाजवळ यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पायरीवरची मुलगी उठून आमच्याजवळ आली. "ताई, शिपाई आत येऊन सांगून गेला ना?"

"कोण शिपाई गो? आत कोण नाय आला."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या पँटच्या पायाला जास्वंदीचं एक पान चिकटलं होतं. आधी तिनं ते पान बघितलं, मग इमारतीच्या मागे, खिडक्यांच्या बाजूला बघितलं. ती हुशार आहे हे मी मघाशी सांगितलंच. मी वर बघितलं नाही.

ताई अजून तशाच उभ्या होत्या. "सर, खरंच चुकले. पुन्हा नाय करणार. माफ केलंत ना?"

"केलं," मी म्हणालो.