तोरणमाळला निघालेले नाना

धुळ्यात चहाच्या टपरीवर मी नानांचा आवाज काढत होतो, पोरं हसून लोळत होती, आणि फोन आला. नाना गेले. बसल्या बसल्या! गल्लीनं ज्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही, ते बसून गेले... माझ्या तोंडातला त्यांचा आवाज अर्धाच राहिला.

नाना आमचे शेजारी, जीपवाले. दर थंडीत गल्लीतली पोरं जीपमध्ये कोंबून सातपुड्यात, तोरणमाळला न्यायचे. आधी बडजी चढायची, म्हणजे भरीत कुटायचं लाकडी भांडं, मग आम्ही सगळे. "चला रे बठ्ठा! डोंगर काय तुमनी वाट देखी का?" दारातून त्यांच्या बायकोची, अक्कांची हाक, "मीठ लिधं का?" नाना मागं न बघता, "लिधं, लिधं!" सोनगीरला किल्ला धावत चढायचा, इतिहास उतरताना. "आठे राजे लढनात, अन् तू बूट काय बांधस?" घाटात आम्हाला दरी बघायची असायची, नानांना पुढचं वळण. "येनापेक्षा भारी पुढे शे!" वर पोचलं की तलावाकडं पाठ करून तुरकाठ्या पेटवायचे. हिरवी वांगी भाजून, सोलून, कुटून पहिला घास घ्यावा, तर मीठच नाही. दर वर्षी! एकदा मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "इतल्या उंचावर मीठ लागत नई रे, हवाच खारी शे!" मग स्वतःच पाड्यावर मीठ मागायला पळायचे. येताना तिथं कुणाचं लग्न ठरलं तेही घेऊन यायचे.

ते गेल्यापासून मला बाकी सगळ्यांचे आवाज जमत होते, त्यांचाच निघेना. रात्री उशीत तोंड घालून करून बघायचो... नुसती हवा. हा पण गेला की काय?

परवा अक्कांनी बोलावलं. "बडजी लई जा. यंदा बी जावा पोरंहो." मी बडजी उचलली तर हळूच म्हणाल्या, "एक डाव त्यासना आवाज काढ ना भाऊ." मी खुर्चीत बसून घसा खाकरला. काही नाही. अक्का म्हणाल्या, "बसीसन कसा निंघी? त्या कधी बसनात का?"

उठलो. बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटवर नानांसारखी थाप मारली आणि आलाच तो. "चला रे बठ्ठा!"

आतून, विचार न करता, "मीठ लिधं का?"

"लिधं, लिधं!" मागं न बघता मी.

मग आधी बडजी चढवली. 

बडजी जीपमध्येच आहे. नाक जवळ नेलं की धुराचा वास येतो. रविवारी निघतोय. मीठ अजून घेतलेलं नाही.