तांब्या घेऊन धावणारे गृहस्थ

कोपरीच्या मिठागरावर मी देखरेखीला होतो, तेव्हा रोज पहाटे पन्नाशीचे एक गृहस्थ हातात तांब्या घेऊन बांधावरून धावत जायचे. अशा माणसाला कोणी हटकत नाही. आम्हीही सभ्यपणे खाडीकडे तोंड फिरवायचो. पण थोड्याच वेळात ते तितक्याच वेगानं परत यायचे. धोतर वर खोचलेलं, शेंडी उडतेय आणि चेहरा हसरा.

एकदा जातानाच ते माझ्यासमोर घसरून पडले. तांब्या गडगडत आला, तर पाण्याचा थेंबही सांडला नाही!

"अहो, हा रिकामाच आहे!"

"हळू बोला हो," ते धापा टाकत म्हणाले. "मुंजीआधी मी दिवसभर धावायचो. मग पगडी आली, कचेरी आली. महिन्यापूर्वी एकदा बैल मागे लागला तेव्हा कळलं, अजून तीच मजा येते! पण नुसता धावलो तर लोक विचारतात, घरात कोण गेलं? तांब्या दिसला की सगळे गप्प."

दुसऱ्या दिवशी मीही तांब्या उचलला. काय मजा आली म्हणून सांगू!

घरी बायको मात्र काळजीनं रोज मऊ भात आणि ताकच वाढायला लागली. मी मुकाट्यानं जेवत राहिलो.