डाव्या डोळ्याची बाहुली

गोवर्धन गावाच्या पुढे आमचा फुलांचा मळा. सकाळी धरणाच्या बाजूने धुकं उतरतं आणि झेंडूच्या ओळी अर्ध्याच दिसतात. त्या धुक्यात ओट्यावर बसून मी रोज बायकोच्या डोळ्यांत बघतो. उतारवयातलं हे खूळ माझं नव्हे, पुतणीचं.

बायकोला मागे अर्धांगाचा झटका आला होता. शेवंती तोडताना पाटी हातातून सुटली, ती सरीतच बसली आणि मग आडवी झाली. वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचली, पण उजवा हात अजून जड आहे. त्या दिवसाचं तिला काहीच आठवत नाही. मला सगळं आठवतं आणि मी ते कुणाला सांगत नाही.

पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजात मोबाइलवर एक प्रयोग चालला होता. फोन डोळ्यासमोर धरायचा, दिवा लागतो, कॅमेरा बाहुलीकडे बघतो. उजेड पडला की दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसायला हव्यात. एक मागे राहिली तर मेंदूत काही बिघडलेलं असू शकतं. "काका, हा डॉक्टर नाही हां," तिने बजावलं. "शंका आली की थेट दवाखाना. आणि फोन काही नाही म्हणाला, तरी तोंड वाकडं दिसलं, हात पडला, जीभ जड झाली, की निघायचंच."

मोबाइलचा मला मुळात राग. पण हे काम आवडायला लागलं. स्क्रीनवर बायकोचा डोळा तळहाताएवढा दिसायचा. दिवा लागला की मधलं काळं गोल हळूच आकसायचं, विझला की परत पसरायचं, झोपलेल्या बाळाचं पोट हलतं तसं. बघता बघता मळा, धुकं, पंपाचा आवाज सगळं लांब जायचं. इतकी वर्षं संसार केला, पण तिच्या डोळ्यांत मधाच्या रंगाचे ठिपके आहेत हे मला ठाऊक नव्हतं. "झालं का? चहा निवतोय," ती म्हणायची. मी मुद्दाम आणखी एकदा बटण दाबायचो.

श्रावणातल्या एका सोमवारी डावी बाहुली आकसलीच नाही. मी फोन पुसला, पुन्हा धरला. दिवा लागला, विझला, काळं गोल तसंच मोठं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. मी चहा तसाच ठेवून तिला पिकअपमध्ये बसवलं. "मला काय झालं नाय," ती म्हणत होती. मी एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने तिचा हात धरला होता. गंगापूर नाका येईपर्यंत समोरचा रस्ता मला पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. नाक्यानंतर ती बोलायची थांबली, तेव्हा तर माझा धीरच सुटला.

दवाखान्यात तिला हसायला लावलं, दोन्ही हात उचलायला लावले, डोक्याचा स्कॅन काढला. नवं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी काय काय केलंत?" ही गप्पच. शेवटी मीच सांगितलं, सोमवार ना, महादेवासाठी बेल आणि धोतरा पहाटे बाजारात धाडला. धोतरा तोडायचं आणि जुड्या बांधायचं काम हिचं.

बाई हसल्या. धोतऱ्याचा हात डोळ्याला लागला की बाहुली मोठी होते आणि एखाद-दोन दिवस तशीच राहते म्हणाल्या. मी ओशाळलो. "अहो, आलात ते बरोबरच केलंत," त्या म्हणाल्या. "फोनला धोतरा कुठून कळणार?"

परतताना ऊन पडलं होतं. तिने डाव्या डोळ्यावर पदर धरला होता. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "मला जातानाच आठवलं व्हतं. नाक्यावर. हात न धुताच डोळा चोळला व्हता."

मला आधी रागच आला. गाडी बाजूला घेतली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रडत व्हता," ती म्हणाली. "मागच्या टायमाला मला काय बी दिसलं नाय. म्हटलं, आता बघून घ्यावं."