लहू वरळीकरचा आवाज

वरळी कोळीवाड्यातल्या लहू वरळीकरला पाय देताना देवाने हात राखला नव्हता, पण तोंड देताना बहुधा त्याचा डोळा लागला असावा. अठरा वर्षं लहू परळच्या नवतरुण फुटबॉल क्लबाचा सेंटर फॉरवर्ड होता. घोट्याला पट्टी बांधायचा आणि अनवाणी खेळायचा. त्याच्या पायाशी बॉल आला की कूपरेजच्या मैदानावर बसलेली माणसं उभी राहायची. गिरण्यांतले साचेवाले पाळी बुडवून त्याचा खेळ बघायला यायचे, आणि ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे तेही 'लहू, लहू' करून बेंबीच्या देठापासून ओरडायचे. लहू गोल करायचा, मान खाली घालायचा आणि आपल्या जागेवर परत चालू लागायचा. कुणी फारच पाठ थोपटली तर 'हां' म्हणायचा. त्यापुढे बोलायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

त्याच्या दोन्ही आयुष्यांचं गणितही छान जमलेलं होतं. पावसाळा लागला की दर्या खवळतो, होड्या वाळूवर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी माणूस रिकामा असतो. मुंबईतला फुटबॉलचा मोसम नेमका तेव्हाच. शेवटच्या चार-दोन सामन्यांसाठी थोरला भाऊ राजाराम कुरकुरत का होईना, पण सुट्टी द्यायचा. छप्पन साली मात्र लहूच्या गुडघ्याने दगा दिला आणि खेळ संपला.

सत्तावनच्या जूनमध्ये क्लबाचे सेक्रेटरी शामराव छत्री मिटत घरी आले. ओटीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "लहू, जुनी माणसं सगळी गेली रे. पोरं नवीन आहेत, अंगात रग आहे, पण डोकं नाही. तू कोच हो."

"हां," लहू म्हणाला.

आयुष्यात एवढा महागात पडलेला 'हां' त्याने दुसरा उच्चारला नसेल. राजारामने ऐकलं आणि तो भडकलाच. कोच म्हणजे अख्खा मोसम, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतरही महिनाभर होडीवर एक माणूस कमी. शेवटी त्याने तोडून सांगितलं, "एक मोसम दिला. तुझा क्लब वरच्या लीगमध्ये टिकला तर पुढचं बोलू. खाली घसरला तर मुकाट्याने होडीवर यायचं, आणि परत या घरात फुटबॉलचं नाव नाय काढायचं." यावर लहू काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

परळच्या मैदानावर पहिल्या दिवशी अकरा-बारा पोरं चिखलात उभी होती. कप्तान जयवंत, सेंटर हाफ, गिरणीत साचे चालवणारा, थोराड आणि समजूतदार. डावीकडे लेफ्ट आउट चंदू, डिलाईल रोडच्या चाळीतला, वाऱ्यासारखा पळणारा. आदल्याच वर्षी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि आता मान वर करून कसं चालायचं ते हा पोरगा सगळ्या परळला दाखवत हिंडायचा. लहूने बॉल घेतला, 'असं' म्हणाला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी तिघांना चकवून बॉल जाळ्यात टाकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "लहूदादा, परत दाखवा!" लहूने परत दाखवलं. परत टाळ्या. आठ दिवस हाच तमाशा चालला. पोरांची करमणूक झकास होत होती, पण शिकत कुणी काडीचंही नव्हतं.

लहूला ते कळत होतं. कुठे काय चुकतंय हे त्याला लख्ख दिसायचं, पण दिसलेलं तोंडावाटे बाहेर काढायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. मग तो मैदानाच्या कडेला उभा राहून स्वतःशीच पुटपुटायचा.

असाच पुटपुटत असताना एका दुपारी त्याची बायको गुणवंती तिथे टपकली. पावसाळ्यात ताजी मासळी नसते, तेव्हा ती सुके बोंबील आणि जवळा घेऊन परळच्या चाळींतून फिरायची. तिने खाली अंगणात हाक दिली की चौथ्या माळ्यावरच्या बाईच्या हातातली पळी थांबायची. शिवाय ती संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चांत पुढे असायची, घोषणा देणारी. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी नवऱ्याचा एकही सामना तिने पाहिला नव्हता. मैदानावर बायका जात नसत, एवढंच कारण. पण मोर्चातून फ्लोरा फाउंटनपर्यंत चालून आलेल्या बाईला परळच्या मैदानाची कसली भीती? तिने टोपली उतरवली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अवो, सोताशीच काय बोलता? पोरांच्या कानात काय भुताने येऊन सांगायचं?"

"सगळे बॉलच्या मागे पळतात," लहू तिला म्हणाला. तिच्याशी त्याला बोलता यायचं. जगात तेवढ्या एकाच माणसाशी. "जाळं सगळ्यांनी एकाच कोनाला ओढलं तर म्हावरा दुसऱ्या बाजूने जाणार की नाय? बॉल उजवीकडं हाय, तर चंदूने डावीकडं थांबाया पायजे. तिथं कोण नसणार, मोकळाच गोल."

"मग हे सांगायला मेलं काय व्हतं?" असं म्हणून गुणवंती मैदानाकडे वळली आणि तिने तोंड उघडलं. "ए चंदू! बॉल तिकडं हाय तर तू तिकडं कशाला मरायला चाललास? आपली जागा धर! तिथंच रव्हा!"

चंदू खिळल्यासारखा थांबला. दोन मिनिटांनी बॉल उजवीकडून आला, चंदू एकटाच होता, आणि त्याने तो जाळ्यात मारला. सगळ्यांनी तोंडात बोट घातलं. लहूला तर इतका आनंद झाला की त्याने भर मैदानात बायकोचा हात धरला आणि मग लोक बघतायत हे लक्षात येऊन घाईघाईने सोडला.

तेव्हापासून हेच ठरून गेलं. लहू पुटपुटणार, गुणवंती ओरडणार. सामन्यात तर हे फारच सोयीचं पडलं, कारण कोचने रेषेबाहेरून खेळाडूंना काही सांगायचं नाही असा त्या वेळचा नियम होता. पहिल्या सामन्यात लहूने नुसता हात वर केला तर रेफ्रीने येऊन दम भरला, "पुन्हा दिसलात तर मैदानाबाहेर काढीन." पण बघणाऱ्यांनी ओरडू नये असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. रेफ्री गुणवंतीकडेही आला. "बाई, तुम्ही कुणाला सांगताय?"

"मी? मी माझ्या भाच्याला हाक मारते."

"भाचा कुठला?"

"अकराही माझेच," गुणवंती म्हणाली. आजूबाजूचं सगळं मैदान खदखदून हसलं आणि रेफ्री मुकाट्याने परत गेला.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. कधी जिंकले, कधी बरोबरीत सुटले, कधी सपाटून मार खाल्ला, पण क्लब तग धरून राहिला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला गेला, होड्या सुटल्या, राजाराम लहूकडे न बघता निघून गेला. सप्टेंबरात शेवटचा सामना उरला, गोदीवाल्यांच्या तगड्या संघाशी. बरोबरी साधली तरी नवतरुण टिकणार होता. हरला तर खाली, आणि लहू होडीवर.

सामना रविवारी होता. शनिवारी परळला समितीची सभा होती आणि कोळीवाड्यातून बायकांचा जथा निघाला. गुणवंती सगळ्यांच्या पुढे. 'संयुक्त महाराष्ट्र' ती ओरडायची आणि मागून 'झालाच पाहिजे' असा पूर उसळायचा. जाताना ओरडली, सभेत ओरडली, येताना तर दुप्पट ओरडली. रविवारी सकाळी तिने नवऱ्याला उठवायला तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली.

आलं-गूळ झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. आवाज काही फुटेना. गुणवंतीच्या डोळ्यांना धार लागली.  आवाज ज्या कामी आला होता त्याबद्दल लहूची तक्रार असण्याचं कारणच नव्हतं. जथ्याच्या कडेने तो स्वतःही चालला होता. 

कूपरेजवर त्या दिवशी परळ-लालबाग लोटलं होतं. शिट्टी वाजली, आणि पाचच मिनिटांत सगळं बिघडलं. बॉल आला की जयवंत रेषेकडे बघायचा. चंदू रेषेकडे बघायचा. दोघे बॅक, गोलकीपर, सगळे एकदा माना वळवून गुणवंतीकडे बघायचे, आणि तेवढ्यात गोदीवाले बॉल घेऊन पसार. गुणवंती बिचारी दोन्ही हात हलवत होती, ओठ हलवत होती, पण हातांवरून कुणाला काय कळणार? विसाव्या मिनिटाला गोल झाला. पोरं तेव्हाही तिच्याकडेच बघत उभी होती.

लहूला त्या क्षणी स्वतःची चूक कळली. आपण या पोरांना फुटबॉल शिकवलाच नाही. आपण त्यांना ऐकायला शिकवलं. अठरा वर्षं आपल्याला कुणी काही ओरडून सांगितलं होतं का? आपले डोळे होते, म्हणून आपण खेळलो. मग यांच्या डोळ्यांवर आपणच झापड बांधली की!

मध्यंतरात पोरं लिंबाच्या फोडी चोखत चिखलात बसली. एकाचीही मान वर नव्हती. शामराव हात चोळत म्हणाले, "लहू, काहीतरी बोल रे बाबा." लहूने गुणवंतीकडे पाहिलं. तिने मानेने खूण केली, बोला.

लहू पोरांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "मी सांगणार नाय," तो म्हणाला. "मी विचारणार. जयवंता, त्यांचा गोल कुठून झाला?"

जयवंत चमकला. "डावीकडून. आपले दोघे बॅक एकाच माणसाच्या अंगावर गेले."

"मग काय करायला पायजे व्हतं?"

"एकाने मागे राहायला पाहिजे होतं."

"तुला दिसत व्हतं?"

"दिसत होतं, दादा."

"मग ओरडला का नाय?"

 जयवंत हळूच म्हणाला, "वहिनी ओरडतील म्हणून."

"चंदू, तू बॉलच्या मागे का गेलास?"

"चुकलंच," चंदू म्हणाला. "बॉल तिकडं असला तर मी इकडं. ठाऊक आहे मला. झोपेतसुद्धा ठाऊक आहे."

लहू एकेकाला विचारत गेला आणि एकेक जण सांगत गेला. सगळ्यांना सगळं येत होतं! तीन महिने जे तो पुटपुटला होता ते अकराच्या अकरा डोक्यांत नीट जाऊन बसलं होतं, आणि त्याला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.  "मग आता आपसात बोला," तो म्हणाला. "ज्याला दिसंल त्याने ओरडायचं. आमच्याकडं बघायचं नाय. जो बघंल त्याच्याशी मी आयुष्यात बोलणार नाय." धमकी तशी पोकळच होती, पण पोरं हसली आणि उठली.

दुसरा हाफ सुरू झाला. पहिली हाक जयवंतने मारली, जरा लाजतच. मग राइट बॅकने. मग गोलकीपरने अशी काही आरोळी ठोकली की गोदीवाल्यांचा फॉरवर्ड दचकला. पाहता पाहता मैदानात मासळी बाजार भरला. आणि ओरडणंही सगळं गुणवंतीचंच, शिव्यांसकट! "मरायला कुठं चाललास?" "आपली जागा धर, मेल्या!" वीस मिनिटं झाली असतील. उजवीकडे गर्दी झाली, गोदीवाले सगळे तिकडे ओढले गेले, आणि पलीकडून चंदूचा आवाज आला, "जयवंता, मी मोकळा हाय!" जयवंतने न बघताच बॉल उंच टोलावला. चंदू एकटा होता. त्याने छातीवर घेतला, एक टप्पा पडू दिला आणि असा मारला की जाळं फाटतंय की काय असं वाटलं. टोप्या उडाल्या, छत्र्या उडाल्या, शामराव शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले.

आता बरोबरी, आणि पंधरा मिनिटं. गोदीवाले चवताळून तुटून पडले. दहा मिनिटं, पाच, दोन. लहूला उभं राहवेना आणि बसवेना. गुणवंतीने त्याचं मनगट धरलं होतं ते सोडलं नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला बॉल गोदीवाल्यांच्या उजव्या बाजूने आत घुसला. सगळी पोरं तिकडे धावली, आणि लहूला दिसलं. इकडच्या कोपऱ्यातून त्यांचा एक उंच गडी एकटाच आत येत होता. कुणाचंही लक्ष नव्हतं. आता तो बॉल इकडे टाकणार, आणि संपलं. लहूने छाती भरून श्वास घेतला. रेफ्री गेला खड्ड्यात, नियम गेले खड्ड्यात, जन्मात पहिल्यांदा तो ओरडणार होता.

"मागे!" मैदानातून जयवंत गरजला. "मागे एकटा हाय! धर त्याला!"

राइट बॅक गर्रकन वळला, दोन ढांगांत मागे आला आणि खाली येणारा बॉल डोक्याने रेषेबाहेर उडवला. तो लहूच्याच पायाशी येऊन पडला. लगेच लांब शिट्टी वाजली.

लहूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, चिखलात लोळत होती, एकाच वेळी अकराजण बोलत होते. लोक आत धावले आणि त्यांनी जयवंतला आणि चंदूला खांद्यांवर घेतलं. 'लहू, लहू' कुणीच म्हणत नव्हतं. रेषेबाहेर उभ्या असलेल्या त्या चाळिशीकडे झुकलेल्या माणसाकडे अख्ख्या कूपरेजवर एकाचंही लक्ष नव्हतं. आपल्याकडे कुणी बघत नाही, याचा इतका आनंद लहूला आयुष्यात कधी झाला नव्हता.